कळी न सोडणारा देव

ही गोष्ट कुणाला खरी वाटणार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. खुद्द नागूला ती खरी वाटत नाही, आणि तो तर तिथं हजर होता. नुसता हजर नव्हता, सगळ्या वाडीच्या देखत त्याचं बोट देवाला चिकटलं होतं. पण ते पुढं. आधी नागू दमला कसा ते ऐका, कारण तो दमला नसता तर यातलं काहीच घडलं नसतं.

नंदिगड्डा गावाच्या पलीकडं, रानाच्या पोटात नागूची वाडी. भाताची दोन-चार खाचरं, परसात फणसाची झाडं, घरात बायको फुला आणि मुलगी सुनयना. सुनयना बारावी पास झाली आणि पुढं काय शिकणार असं विचारल्यावर म्हणाली, "टूरिझम. धारवाडला." त्या दिवसापासून नागू दमायला लागला. आयुष्यभर नांगर धरला, रानडुकरांच्या मागं धावला, पण कधी दम लागला नव्हता. या एका शब्दानं मात्र त्याची कंबर धरली.

"म्हंजे करायचं काय त्यात?"

"लोकास्नी जागा दाखवायच्या, आप्पा. रान, नदी, पाखरं. आपल्याकडं येत्यात न्हवं धारवाडची, बेंगळूरची माणसं?"

"म्हंजे धारवाडची माणसं रान बघायला हितं येणार, आणि त्यास्नी रान कसं दाखवायचं ते शिकायला तू हितनं धारवाडला जाणार?"

"व्हय."

"मग तुमची गाठ वाटेतच पडंल की. बस थांबवून तिथंच दाखवून टाक."

सुनयना हसली नाही. नागूच्या विनोदाला ती हसली नाही, असं तोवर कधी झालं नव्हतं.

मग रामनगराहून तिचा मामा आला. गणपती त्याचं नाव. बेळगाव-गोवा रस्त्यावर त्याचं जेवणाचं हॉटेल होतं आणि ट्रकवाले तिथं जेवतात म्हणून त्याला साऱ्या हिंदुस्थानची माहिती होती. तो म्हणाला, "दाजी, त्याला कन्नडात प्रवासोद्यम म्हणत्यात. नाव मोठं हाय, पर त्यापरीस हॉटेल मॅनेजमेंट बरं. आणि त्याला कॉलेज कशाला? माझं हाटेल हाय की."

"मामा, तुमच्या हाटेलात एकच भाजी असते," सुनयना म्हणाली.

"म्हणूनच तर शिकायला सोपं!"

यानंतर वाडीतला जो तो नागूला सल्ला देऊ लागला. नर्सिंग घ्या, टीचर करा, लग्न करा. नागू सगळ्यांना "व्हय, व्हय" म्हणायचा आणि जिथं दगड दिसेल तिथं बसून घ्यायचा. घरी आला तर फुला चुलीपुढं डोळे पुसत असायची.

"रडतेस कशाला?"

"धूर लागला."

गॅसवर चहा करतानाही तिला धूर लागायला लागला तेव्हा नागू समजला. पोरगी जाऊ नये असं आईला वाटतंय. आणि खरं सांगायचं तर त्यालाही तेच वाटत होतं. भाताच्या राखणीला बांधलेल्या माळ्यावर बसून तो ज्या थापा मारायचा, त्या ऐकणारं एकच माणूस होतं जगात. फुला तर पहिल्या वाक्यालाच घोरायची. सुनयना गेल्यावर थापा मारायच्या कुणाला? डुकरांना?

पण पोरीला तोंडावर नाही म्हणायचं त्याच्यानं होईना. तिनं तर सरळ सांगितलं होतं, "आप्पा, तुमी न्हाई म्हणा, मी जात न्हाई. पर तोंडानं म्हणा. मान हलवून चालणार न्हाई."

धारवाडला तिचा नंबर लागला. येणार की नाही ते फोनवर बटण दाबून कळवायचं होतं, आणि शेवटचा दिवस दारात आला. तेव्हा नागूला वाट सुचली. आपण नाही म्हणायचं नाही. देवाला म्हणू द्यायचं.

"आपण कौल लावूया," तो म्हणाला.

वाडीत काही अडलं की लोक देवाला कौल लावतात. देव म्हणजे रानातल्या मोठ्या झाडाखाली उघड्यावर उभा असलेला काळा पाषाण. त्याच्या उजव्या अंगाला एक आणि डाव्या अंगाला एक, अशा तगरीच्या ओल्या कळ्या गुरवानं लावायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी कळी पडली की होकार, डावी पडली की नकार. कळी पडेपर्यंत ज्याचा कौल त्याच्या घरच्यांनी अन्नाचा कण घ्यायचा नाही, विळीला हात लावायचा नाही आणि बसलेल्यातल्या कुणी उठून घरी जायचं नाही. दिवस मावळेपर्यंत देवानं काहीच दिलं नाही, तर प्रश्न त्याला मान्य नाही, असं समजून विषय सोडायचा.

सुनयना तयार झाली. देवावर भरवसा होताच. शिवाय सगळ्या वाडीत फोनला रेंज फक्त देवाच्या अंगणात येते. कौल मिळाला की तिथल्या तिथं बटण दाबता येणार होतं.

फणसाचे दिवस होते. कौलाच्या आदल्या दिवशी घरात फणस फोडला, तेव्हा नागूनं त्याचा चीक एका करवंटीत गोळा केला. फणसाचा चीक म्हणजे साधी गोष्ट नाही. पाण्यानं तो जात नाही, राखेनं जात नाही, देवाचं नाव घेऊन जात नाही. जातो तो फक्त तेलानं. लहानपणी नागूनं याच चिकानं पाखरं धरली होती. आता देव धरायचा होता.

ज्याचा कौल त्या घरानं देवाची जागा झाडून-सारवून द्यायची, हीही रीतच. पहाटे नागू खराटा घेऊन गेला. देवाची उजवी बाजू कुठली, यात घोटाळा नको म्हणून तो देवाकडं पाठ करून देवासारखाच उभा राहिला, आपला उजवा हात वर केला, आणि मग वळून नेमक्या जागी चिकाचं बोट ओढलं. आता उजवी कळी प्रलयाच्या दिवशीसुद्धा पडणार नव्हती. डावी तेवढी सुटी. ती वाळली की पडेल, देव नाही म्हणेल, फुलाचा धूर थांबेल, आणि आपण सुखानं आडवं व्हायचं.

परतताना वाटेत शेणाची पाटी घेऊन सारवायला निघालेली फुला भेटली. तिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही, घाईनं पुढं गेली. बिचारी, नागूच्या मनात आलं. तुझ्यासाठीच केलंय गं.

सकाळी सगळी वाडी जमली. महाबळेश्वर गुरव म्हातारा, दिसायला कमी झालेलं, पण रीतीला पक्का. त्यानं देवाला आंघोळ घातली, पितळी समई लावली, हात चाचपडत दोन्ही कळ्या नेहमीच्या जागी दाबून बसवल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"हे म्हाराजा, रानाच्या राजा! हे नागूचं लेकरू तुझ्या पायाशी आलंय. त्याला... काय गे पोरी शिकायचं?"

"टूरिझम."

"...त्याला टूरिझम शिकायचं हाय, म्हाराजा! म्हंजे... म्हंजे काय?"

"प्रवासाला आलेल्या लोकांची सोय करायची."

"म्हंजे आलेल्या-गेलेल्याला पाणी द्यायचं, म्हाराजा! वाट दाखवायची!"

"ते तर आपण सगळीच करतो," गुणा म्हणाला. गुणा वाडीतला सगळ्यात वयस्कर, त्याला मधे बोलायचा हक्क होता. "त्याला डिग्री लागती?"

"आता लागती," गणपती म्हणाला. "आमच्या हाटेलातसुदीक एक पोरगा पाणी द्यायला डिग्रीवाला ठेवलाय."

"देवाशी बोलतोय मी!" गुरव ओरडला. "तर म्हाराजा, धारवाडला जाऊ दे म्हणत असशील तर उजवी दे. न्हाई म्हणत असशील तर डावी दे. व्हय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी वाडी म्हणाली आणि वाट बघत बसली.

वाट बघणं हे वाडीचं आवडतं काम. पण ऊन डोक्यावर आलं, सावल्या पायाखाली गेल्या, तरी कळी पडेना. उजवी पडणार नव्हती हे नागूला ठाऊक होतं. पण डावीला काय धाड भरली होती? वारा आला, झाडावरची सुकी पानं देवासमोर पडली, एक सरडा पाषाणावरून डावीच्या अंगावरून गेला. पण कळी जागची हलली नाही. नागूची पाठ भरून आली. उपाशी पोटानं देवाकडं बघून बघून त्याला एकाचे दोन देव दिसायला लागले.

"देवाला प्रश्न कळला नसंल," गुणानं शंका काढली.

पुन्हा गाऱ्हाणं झालं. या वेळी सुनयनानं स्वतः सगळं सांगितलं: किती वर्षं, कुठलं वसतिगृह, सुट्टीला घरी येणं. वाडी तल्लीन झाली. देव ढिम्म.

"कळलं मला," गुरव म्हणाला. "धारवाड आपल्या शिवेत न्हाई. आपला देव शिवेपतोर. शिवेच्या पल्याडचं त्यो कसं सांगणार?"

"मग धारवाडच्या देवाला इचारायचं?" गुणानं विचारलं.

"मधल्या सगळ्यास्नी इचारत जावं लागंल. एकेक शीव वलांडत."

"तवर पोरगी म्हातारी हुईल!" गणपती उठू लागला, मग घरी जायचं नाही हे आठवून बसला. "त्यापरीस हॉटेल मॅनेजमेंटचं इचारा. रामनगर जवळ हाय, देवाला दिसतंय."

"देव म्हंजे तुझं हाटेल वाटलं काय, आर्डर बदलायला? साकु, पुरे झालं! गप बस!" गुरव खवळला.

याच वेळी गुरवाच्या ध्यानात आलं की समईतलं तेल खाली गेलंय. फुलानं लगेच बुधलीतून तेल घातलं. थोड्या वेळानं बघतो तर पुन्हा कमी. फुलानं पुन्हा घातलं. दिवसभर ती देवाजवळच बसून होती, हात पदराखाली घेऊन, मान खाली घालून. नागूला भरून आलं. कशी मनोभावे दिवा सांभाळतेय! आणि आपण इथं चीक लावून बसलोय.

"ह्या समईला भोक पडलंय," गुरव कुरकुरला. "गणपती, उचलून बुडाशी बघ जरा."

गणपतीनं बघितलं. भोक नव्हतं. "झरत असंल कुठनं तरी बारीक," तो म्हणाला.

दुपार उतरली. सुनयना देवाकडं बघायची सोडून फोनच्या रेंजकडं बघू लागली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रडू नव्हतं. ती नुसती दमली होती, हुबेहूब नागूसारखी. ते बघून नागूला आपल्याच दमण्याचा कंटाळा आला. दिवस मावळायला टेकला की विषय संपणार होता. त्याला पाहिजे तेच होणार होतं, आणि तरी त्याला ते नको नको वाटायला लागलं.

तेवढ्यात झाडीतून जीपचा आवाज आला. कुळगीच्या कॅम्पात उतरलेली बेंगळूरची माणसं रान बघायला निघाली होती. गर्दी दिसल्यावर उतरली. टोपी घातलेली एक बाई कॅमेरा सरसावत म्हणाली, "इल्ली एनु नडीतिदे?"

इथं काय चाललंय, हे तिला कुणी सांगावं? वाडी एकमेकांकडं बघू लागली. सुनयना उठली, ओढणी नीट केली आणि अस्खलित कन्नडात सुरू झाली. ज्यांना कन्नड येत नव्हतं त्यांच्यासाठी मधेच हिंदीत, आणि एका गोऱ्या पाहुण्यासाठी इंग्रजीत.

ती म्हणाली, हा देव घाईनं न्याय देत नाही. फार पूर्वी एक वाघ आणि एक गाय पाणवठा कुणाचा म्हणून भांडत इथं कौल घ्यायला आले. देवानं कळी काही सोडली नाही. कळी पडेपर्यंत उपास, ही रीत दोघांना सारखीच. वाघ गाईशेजारी बसून राहिला. समोर गाय, पोटात कावळे, आणि खायची बंदी. शेवटी वाघच म्हणाला, "देवा, पाणवठा हिला दे, पण मला एकदाचं जाऊ दे." वाघानं असं म्हणताक्षणी कळी पडली.

"आणि वाघ बसला होता ती जागा ही," असं म्हणून तिनं झाडाच्या मुळाशी असलेला खळगा दाखवला. "ही लांब खूण दिसते ना? ती शेपटीची."

पाहुण्यांनी "ओहो" केलं. कॅमेरे खळग्यावर रोखले गेले. टोपीवाल्या बाईनं शेपटीच्या खुणेवरून हलकेच हात फिरवला. तो खळगा गुणाच्या कुत्र्यानं उन्हाळ्यात पडायला उकरलेला होता, हे वाडीत सगळ्यांना माहीत होतं. खुद्द कुत्रंसुद्धा तिथं आलं आणि आपल्या जागेवर एवढी गर्दी बघून ओशाळून बाजूला उभं राहिलं. आणि गुणा? गुणानं वाकून त्या खळग्याला नमस्कार केला.

नागूनं मात्र ती गोष्ट लगेच ओळखली. ही थाप त्याची होती! माळ्यावर बसून त्यानंच सांगितलेली. पण त्याच्या थापेत कोल्हा होता आणि ससा होता, आणि शेवट कसा करावा हे न सुचल्यामुळं दोघं झोपी जायचे. वाघ तिनं आणला होता. गाय तिची, उपास तिचा, शेपटी तर खासच तिची. बापाची मोडकी थाप पोरीनं शिवून, धुऊन, इस्त्री करून बेंगळूरच्या माणसांपुढं ठेवली होती. आणि ती माणसं तिच्यापाठोपाठ चालत होती, ती थांबली की थांबत होती.

हिला रान दाखवायला शिकायचं नव्हतं. हिला सगळं जग माळ्यावर बोलवायचं होतं.

नागू उठला. सगळे शेपटी बघत होते. अगरबत्ती लावायचं निमित्त करून तो देवापाशी गेला आणि उजव्या कळीला हळूच बोट लावलं. काढली की झालं. पण कळी निघेना. जोर केला, तसं बोटही निघेना. दिवसभराच्या उन्हानं चीक असा चिवट झाला होता की नागू आणि देव एक झाले होते. त्यानं पाय रोवून ओढलं, तसा चिकाचा लांबलचक धागा निघाला आणि मधोमध कळी लोंबू लागली.

"दाजी!" गणपती ओरडला. "देवाला धरून काय करतायसा?"

सगळी वाडी वळली. पाहुणे वळले. कॅमेरे वळले. सकाळपासून नागूच्या पोटात कण नव्हता, पण थापांच्या बाबतीत तो कधी उपाशी राहिला नव्हता.

"मी न्हाई धरलं," तो म्हणाला. "त्यानं मला धरलंय!"

"देवानं?" गुरव पुढं सरकला.

"व्हय. बोट धरलंय. बोलतोय."

"काय बोलतोय?"

"पोरीला सोड म्हणतोय."

"मग तुला का सोडत न्हाई?"

"मी तोंडानं व्हय म्हणेपतोर सोडणार न्हाई म्हणतोय."

"मग म्हण की बाबा!" सगळी वाडी एका सुरात ओरडली. सकाळपासून कुणीच घरी गेलं नव्हतं.

नागूनं सुनयनाकडं बघितलं. फोन छातीशी धरून ती उभी होती. "जा बाई," तो म्हणाला. "धारवाडला जा. काय ते शिकून ये." आणि त्यानं असा हिसका दिला की कळी, चीक आणि बोटाची थोडी सालही देवापासून सुटली.

"उजवी दिली! व्हय म्हाराजा!"

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. सुनयनानं हात उंच करून रेंज शोधली, बटण दाबलं, डोळे मिटले, उघडले आणि म्हणाली, "गेलं!"

नागू खाली बसला. महिनाभरात पहिल्यांदा त्याला बसून बरं वाटलं. पण महाबळेश्वर गुरव जवळ आला. त्याला दिसत कमी होतं. वास मात्र कमी येत नव्हता. त्यानं नागूचं बोट धरलं, नाकाशी नेलं.

"देव बोलला म्हणतोस. बोलला असंल. पर देवाच्या हाताला फणसाचा वास कसा रे?"

गुरवानं देवाकडं वळून डावी कळी चाचपली. ओढली. तिच्यामागंही चिकाचा लांब धागा आला.

"ही बी?"

"डावी माझी न्हाई!" नागूच्या तोंडून निघून गेलं.

नागूला आत्ता उमजत होतं. डावी म्हणजे नकार. पोरगी जावी म्हणून कुणीतरी नकार बांधून ठेवला होता. झाडायला तो आला होता, सारवायला...

"देवाचीच करणी ही!" फुला घाईनं पुढं झाली. "दोन्ही बाजूंनी इचार करत हुता त्यो. ह्यांचं बोट त्यानंच धरलं, मी माझ्या डोळ्यानं बघितलं. देवाशपथ!" आणि शपथेला तिनं पदरातून हात काढून पाषाणावर ठेवला. बोटांपासून कोपरापर्यंत तेलाचा ओघळ लागला होता, आणि मधली दोन बोटं अजून एकमेकांना घट्ट चिकटलेली होती.

गुरवानं तो हात चाचपला, नाकाशी नेला. मग समईकडं बघितलं. वात कोरडी होऊन फुरफुरत होती.

"आगं फुला!" तो ओरडला. "आन मी सकाळधरनं समईचं भोक शोधतोय!"